जरा पाय मोकळे करून येते

पाय कुठे मोडावा याला काही इभ्रत असते. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मोडला, तर माणूस पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात ते सांगू शकतो. दिवेघाटात मोडला, तर दुखण्यात थोडं पुण्यही जमा होतं. गेलाबाजार सिंहगडावरून पिठलं-भाकरी खाऊन उतरताना तरी मोडावा. माझा पाय हॉल आणि गॅलरी यांच्या मधे मोडला.

मधे सरकत्या काचेच्या दाराची ॲल्युमिनियमची पट्टी आहे. उंची जेमतेम बोटभर. गॅलरीत ठेवलेला मोबाइल वाजला म्हणून मी लगबगीने निघाले, पाऊल पट्टीवर तिरकं पडलं, आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पडले ती मात्र नेमकी फोनच्या शेजारी. वाजणारा फोन न उचलण्याचे संस्कार आमच्या पिढीवर नाहीत. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"मॅम, तुमच्यासाठी पर्सनल लोनची खास ऑफर आहे."

"अगं, माझा पाय मोडलाय बहुतेक."

"ओके मॅम. मग मेडिकल इमर्जन्सी लोन बघू या का?"

आता हे एखाद्या साध्यासुध्या बाईच्या बाबतीत घडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मी चालणारी बाई आहे. सकाळी बागेत चार फेऱ्या मारतात त्यांच्यातली नव्हे. त्यांना आम्ही आपसांत 'हवा खाणारे' म्हणतो. आम्ही अंतरवाले. रविवारी पहाटे निघून कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन यायचं, पौर्णिमेला सिंहगड, आणि ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड, तीसेक किलोमीटर, एका दिवसात. कुणी जेवायला बोलावलं तर मी चालत जाते, आणि पानं घेईपर्यंत तिथल्या प्रत्येकाला ते कळलेलं असतं. चालायला मला दोन तास लागत असतील, तर सांगायला तीन लागतात.

आमच्या व्हॉट्सॲप गटाचं नाव 'चालते व्हा' असं आहे. सकाळी सातपासून गटावर घड्याळांचे फोटो पडायला लागतात. किती किलोमीटर, किती पावलं, किती उष्मांक. मग त्याच मंडळींच्या मिसळीचा फोटो येतो. मिसळीचे उष्मांक दाखवणारं घड्याळ अजून कुणी घेतलेलं नाही. पाय मोडल्याचं मी गटावर कळवलं, तेव्हा मिनिटभरात जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि रांग संपते न संपते तोच खाली आलं, 'कात्रज. १८ किमी. काय धुकं होतं!'

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे होते. एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "काकू, एका पावलात २६ हाडं असतात. तुमचं एकच मोडलंय."

"म्हणजे २५ शिल्लक आहेत," हे म्हणाले. आयुष्यभर हिशेबखात्यात काढल्याचा हा परिणाम.

"पण जागा जरा वाईट आहे. करंगळीच्या मागचं लांब हाड आहे ना, ते बुडाशी मोडलंय. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे सांधायला वेळ लागतो. सहा आठवडे पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात."

माझ्या हाडाला इंग्रजी नाव मिळालं म्हटल्यावर मी रात्री पडल्या पडल्या त्याची चौकशी केली. रॉबर्ट जोन्स हे ब्रिटनमधले नावाजलेले अस्थिशल्यचिकित्सक. त्यांनी १९०२ मध्ये या प्रकारच्या फ्रॅक्चरवर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात एक रुग्ण ते स्वतःच होते. त्यांचं हे हाड मोडलं ते नाचताना! माणसाने मोडून घ्यावं तर असं. रंगात येऊन नाचावं, पाय मोडावा, त्यावर निबंध लिहावा आणि शंभर वर्षांनंतर पुण्यातल्या बाईच्या केसपेपरवर आपलं नाव यावं. त्याच जातीचं हाड माझ्या वाट्याला आलं आणि मी ते कर्जाच्या फोनपायी घालवलं.

भेटायला येणाऱ्यांचीही माझ्याकडून काही अपेक्षा होती, ती पुरी होईना.

"कुठे? दिवेघाटात ना?"

"नाही हो, घरात."

"बाथरूममध्ये! तरी मी ह्यांना म्हणतच होते."

घरात हाड मोडायचं ते बाथरूममध्येच, यावर महाराष्ट्राचं एकमत आहे. गॅलरी म्हटलं की लोक एकमेकांकडे बघतात. बाई काहीतरी लपवतेय. एका लांबच्या नणंदेला तर मी वैतागून "सिंहगड" असं सांगून टाकलं. तिचा चेहरा असा उजळला की मला पुणे दरवाज्याच्या जराशा खालचं वळण, पावसाने निसटलेला दगड, सगळं सुचत गेलं. एवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला, "सिंहगडावरची खबर कळली का? गॅलरीचं दार दुरुस्त करायला माणूस आलाय."

यानंतर दुसरा पेपर असायचा.

"रॉड घातला का?"

"नाही."

"प्लेट?"

"नाही."

"निदान स्क्रू तरी?"

"नुसतं प्लॅस्टर आहे."

"हात्तिच्या!"

आणि मग त्यांच्या मावससासूबाईंचा खुबा. तो कसा निखळला, कुणी बसवला, किती लाखांना बसवला, आणि बसवल्यावर चौथ्या दिवशी त्या उठून पुरणपोळ्या कशा लाटायला लागल्या. आजवर मला भेटलेल्या प्रत्येक घरात असा एक वीर खुबा आहे. माझं करंगळीमागचं हाड त्या पंक्तीत बसायच्या लायकीचं नव्हतं. त्याने मान खाली घालून डिंकाचे लाडू खावेत, एवढंच.

ते मात्र आले. डिंकाचे आले, मेथीचे आले, अळिवाचे आले. खारकेची पूड आली, नाचणीचं सत्त्व आलं. एका आत्यांनी हाडसांधीची वेल कुंडीसकट आणली आणि कुंडी परत हवी म्हणून बजावून गेल्या. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पायाचं सूप पाठवलं. आमच्याकडे शाकाहार आहे हे त्यांना माहीत होतं, पण "औषधाला काय हरकत आहे?" असा निरोप सोबत होता. मी ते ह्यांच्या तब्येतीला चांगलं म्हणून पुढे सरकवलं. ह्यांनी ते डोळे मिटून औषध म्हणून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना आपण होऊन सांगून आले की माझ्यात फरक पडतोय. तीन आठवडे फरक पडत राहिला.

पडून राहिल्यावर एक कळतं, ते म्हणजे धडधाकट माणूस दिवसभरात किती वस्तू कुणालाही न मागता घेत असतो. चष्मा. चार्जर. पेपरची पुरवणी. पाठीमागची उशी जरा वर. पंखा दोनवर. नाही, एकवर. मागण्याचं काही नाही, पण देणाऱ्याच्या आवाजाला एक प्रवास असतो. पहिल्या आठवड्यात "अजून काही हवंय का गं तुला?" असं होतं. पुढे "अजून काही?" झालं. मग "अजून?" आणि शेवटी नुसती एक भुवई.

सगळ्यात हाल चहाचे झाले. दोन्ही हात कुबड्यांना दिल्यावर कप धरायला माणसाकडे काही उरतच नाही. हे चहा उत्तम करतात, पण इतकी वर्षं तो ज्या टीपॉयवर ठेवला त्याच टीपॉयवर ठेवतात. "चहा ठेवलाय गं!" म्हणून पेपर घेऊन निघून जातात. टीपॉय माझ्यापासून चार हातांवर. मी चहाकडे बघतेय, चहा माझ्याकडे बघतोय. आधी वाफ जाते. मग वर साय धरते, तिला एक सुरकुती पडते, पंख्याच्या वाऱ्याने ती सुरकुती हळूहळू कडेला सरकते. कात्रजचा घाट चढताना मी एवढं बारकाईने काही पाहिल्याचं आठवत नाही.

"चहा घेतला नाहीस? गार झाला की."

"हो ना. मला जरा दम लागला."

शेवटी शबनम पिशवीत थर्मास घालून ती गळ्यात अडकवायची युक्ती निघाली. कुबड्या, गळ्यात पिशवी, आणि अंगात गाऊन. त्या अवतारात मी कुरियरवाल्याला दार उघडलं, तर त्याने पार्सल द्यायच्या आधी खिशातून दहाची नोट काढली होती.

घड्याळाचा छळ वेगळाच. ते मनगटावर होतं आणि त्याला प्लॅस्टरचं काही सोयरसुतक नव्हतं. दर तासाला थरथरून सांगायचं, उठा, जरा हालचाल करा. रात्री हिशेब द्यायचं की आज आपण नेहमीपेक्षा कमी चाललात. काढून ठेवावं तर इतक्या महिन्यांची रोज दहा हजारांची अखंड नोंद तुटणार. हा दहा हजारांचा आकडा काही धन्वंतरीने घालून दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, ते 'दहा हजार पावलांचं मापक' या नावाने, आणि तिथून हा आकडा सगळ्या जगाच्या मानगुटीवर बसला. हे वाचून मला बरं वाटलं. पण नोंद तुटू द्यावी इतकं काही बरं वाटलं नाही.

म्हणून मी घड्याळ ह्यांच्या हातात बांधलं. हे निवृत्त आहेत, आणि निवृत्ती ते फार मनावर घेतात. संध्याकाळी आकडा बघून मला वाटलं, माझ्याच हातात असतं तर निदान कुबड्यांची तरी पावलं पडली असती. दुसऱ्या दिवशी मी ते आमच्या कामाच्या मावशींना दिलं. "मावशी, आजच्या दिवस घाला, बघू." मावशी आमचं करून समोरच्या इमारतीत गेल्या, तिथून मागच्या गल्लीत. दुपारी जेवायच्या आधी परत आल्या त्या हात लांब धरून.

"ताई, हे चावतंय. आणि आत फटाके उडतायत."

"अहो मावशी, तुमची दहा हजार पावलं झाली!"

"मग?"

"मग काही नाही. अभिनंदन करतंय ते."

"पैसे देतं का?"

मावशींची अजून दोन घरं व्हायची होती. त्यानंतर बसचा थांबा, आणि उतरल्यावर टेकडीवरची वस्ती. हेच अंतर काटायला मी खास बूट घेतले होते, घाम टिपणारा टी-शर्ट घेतला होता आणि गेल्यावर लिंबू-मिठाचं पाणी लागत होतं.

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर नाहीये. भांडी घासताना हात हलतो, तोही पाऊल म्हणून मोजला जातो."

"मग दादा, उद्या तुम्ही घासा," मावशी म्हणाल्या. "बघू किती भरतात."

घड्याळाचा फोटो मी गटावर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. माझा चालते आहे म्हणायचा उद्देश नव्हता, आणि नाही म्हणायचाही नव्हता. गटात हलकल्लोळ झाला. 'प्लॅस्टरमध्ये दहा हजार?' 'जिद्दीला सलाम!' एकाने तर माझ्यावरून स्फूर्ती घेऊन त्याच संध्याकाळी पर्वती दोनदा चढली आणि गुडघा धरून बसला. मावशींना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या प्लॅस्टरकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी घड्याळ चार्जिंगला लावून टाकलं.

प्लॅस्टरच्या आतल्या खाजेबद्दल सभ्य नियतकालिकात किती लिहावं ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी आत काहीही घालायचं नाही असं बजावलं होतं. त्या 'काहीही'मध्ये विणायची सुई, उलथन्याचा दांडा, मुलाची जुनी फूटपट्टी आणि झाडूची काडी हे सगळं येतं, असं मात्र त्यांनी फोड करून सांगितलं नव्हतं. प्लॅस्टर कापायच्या दिवशी कटर घरघरला, दोन फाका वेगळ्या झाल्या, आणि कापणाऱ्या दादांनी कापसाच्या घडीतून एक निळी वस्तू चिमटीत धरून वर काढली.

"मॅडम, पेनचं टोपण. तुमचंच का?"

माझं सगळं लक्ष पायाकडे होतं. सालपटं सुटलेला, पांढुरका, पोटरीच्या जागी नुसती पिशवी. "हा आपलाच का?" ह्यांनी डॉक्टरांना विचारलं. बदलून घेता आला तर बघावं, असा सूर होता.

फिजिओथेरपीची मुलगी बालवाडीतून थेट इकडे आली असावी. मी अंगठा हलवला की "छा-न!" म्हणायची. जमिनीवर पसरलेला नॅपकिन पायाच्या बोटांनी गोळा करायचा. छा-न! गोट्या बोटांत पकडून वाटीत टाकायच्या. छा-न! दात घासताना एका पायावर उभं राहायचं. यात दात घासून होतात, पण पेस्ट कुठेकुठे जाते ते पुसायला दुसरा माणूस लागतो. मग तिने पाऊल हवेत उचलून अंगठ्याने ए ते झेड गिरवायला सांगितलं.

"मी मराठी माध्यमातली," मी म्हटलं.

"मग क-ख-ग काढा काकू, काही हरकत नाही."

हरकत होती. 'ग' आणि 'र' सुटले. 'ळ'च्या दुसऱ्या गाठीत घोटा कुरकुरला. 'ज्ञ'ला पोटरीत गोळा आला आणि मी किंचाळले. तेव्हापासून ए-बी-सी वर आहे. मराठीच्या अवघडपणाचा असा पुरावा कुठल्याही भाषातज्ज्ञाला अजून मिळाला नसेल.

आणि मग एका दुपारी, काठी एका हातात धरून चालायची परवानगी मिळाल्यावर, मी स्वतःचा चहा स्वतः गाळला आणि स्वतः घेऊन निघाले. ओट्यापासून गॅलरीपर्यंत. कप काठोकाठ भरला होता, कारण आनंदाच्या भरात तेवढंही भान राहिलं नाही. फ्रिजच्या वळणावर पहिला थेंब बशीत. जेवणाच्या टेबलाशी मी थांबले, चहा स्थिर झाला, मी निघाले, चहाही निघाला. हे हॉलमध्ये पेपर घेऊन उभे होते. मदतीला पुढे यायचं नाही अशी ताकीद मी दिली होती आणि ती ते मनापासून पाळत होते. सरकत्या दाराच्या पट्टीशी आले. आधी काठी पलीकडे, मग दुखरा पाय, मग चांगला, मग कप. बशीत अर्धा आणि कपात अर्धा चहा घेऊन मी गॅलरीतल्या खुर्चीत बसले. बशीतला ओतून प्यायले, कपातला तसाच प्यायले. इतका चांगला चहा मी आजवर कधी केला नव्हता. साखर घालायची राहिली होती हे ह्यांच्या वाटणीचा त्यांनी घेतल्यावर कळलं.

फिजिओवालीने आता ५०० पावलं दिली होती. ५०० पावलांत आमच्या गल्लीच्या टोकाच्या डेअरीपर्यंत जाऊन येता येतं. या गल्लीतून मी पंचवीस वर्षं जातेय, पण कायम पुढचं काहीतरी गाठायला. आता डेअरी हेच गाठायचं ठिकाण झाल्यावर गल्लीत बरंच काही असल्याचं निघालं. एटीएमच्या रखवालदाराच्या खुर्चीला तीन पाय आणि एक वीट आहे. इस्त्रीवाल्यांकडे विजेची इस्त्री आहे, पण जाड साड्यांना ते अजून कोळशाचीच काढतात, आणि तिची राख फुंकायची वेळ अकराची. दोन नंबरच्या बंगल्यात सोनचाफा आहे. मला इतकी वर्षं वाटायचं की कुणीतरी अत्तर लावून जातं. मुख्य म्हणजे आमच्या गल्लीला चढ आहे. डेअरीकडून घराकडे येताना, लांबवर, अगदी सावकाश, पण पक्का चढ. मी हे घरी सांगितलं तर ह्यांनी गूगलवर बघून "सपाट आहे" असा निकाल दिला. मग मी भाजीच्या हातगाडीवाल्यांना गाठलं.

"दादा, आपल्या गल्लीला चढ आहे ना हो?"

त्यांनी गाडी थांबवली, चाकाला दगड लावला. "आहे की ताई. इस्त्रीपासून वर सुरू होतो. आत्ता कळला तुम्हाला?"

आणि दोन रुपयांची कोथिंबीर तशीच दिली. चढ ओळखणारं माणूस गल्लीत दुसरं नसावं.

बागेतही गेले. तिथे मी पूर्वी 'हवा खाणाऱ्यां'ना डावीकडून ओलांडून जायचे आणि ओलांडताना मुद्दाम जरा जास्त वेगाने जायचे. आता ऐंशीच्या घरातले एक आजोबा मागून आले, "बाजूला व्हा हं, बाजूला," म्हणाले, आणि पुढे जाऊन वळून पाहिलं. तो वळून पाहण्याचा कोन मला चांगला ओळखीचा होता. माझाच शोध आहे तो.

रस्त्याची गोष्ट मात्र वेगळी. पुण्याच्या फुटपाथवरचा कुठला पेव्हर ब्लॉक हलतो आणि कुठल्याखाली पावसाचं पाणी दबा धरून बसलंय, हे काठीला आधी कळतं. फुटपाथवरून येणारे स्कूटरवाले काठी बघून हॉर्न वाजवतात, पण जरा अदबीने. एकदा तर झेब्रा क्रॉसिंगवर एक मोटरसायकलवाला माझ्यासाठी चक्क थांबला. पुण्यात अशी पद्धत नसल्याने मला काय करायचं ते सुचेना. मी त्याला हाताने "जा, जा" म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही जा ना काकू." मी म्हटलं, "नको, तुम्हाला उशीर होईल." मागे रांग लागली. शेवटी एक रिक्षावाला ओरडला, "लग्न ठरवताय का रस्त्यात?" तेव्हा आम्ही दोघंही एकदम निघालो आणि थोडक्यात दुसरं हाड वाचलं.

ज्येष्ठ आला. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या. गटावर सासवडची तयारी सुरू झाली: गुडघ्याचे पट्टे, बुटांचे ब्रँड, दिवेघाटात कोण किती वेळात. डॉक्टरांनी मला सपाटीवर पाच-सहा किलोमीटर, आणि दुखलं की तिथेच थांबायचं, एवढी सूट दिली. म्हणजे पूलगेटपासून हडपसरपर्यंत कसंबसं.

"काठी घेऊन वारीत?" मी कुरकुरले. "लोक काय म्हणतील?"

"दिवेघाटात माउलींच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावतात," हे म्हणाले. "तुला एक काठी लागली तर कुठे बिघडलं?" इतकं चांगलं ते क्वचित बोलतात. पुढचं वाक्य "आणि मी गाडी घेऊन हडपसरला येतो" असं होतं. त्याचं काय झालं ते सांगतेच.

गट पहाटेच पुढे निघून गेला. मी दिंड्यांच्या कडेकडेने, काठी टेकत. एकादशी असल्याने पुणेकर वाटेत केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि साबुदाण्याची खिचडी वाटत उभे होते. पुणेकर एरवी पाण्याचा ग्लाससुद्धा "देऊ का?" विचारून देतो, त्या दिवशी मात्र काठी दिसली की हातात दोन-दोन केळी कोंबत होता. वैदूवाडीपर्यंत माझी शबनम भरली. मंडपातल्या एका पोऱ्याने "माउली, पाय द्या" म्हणून मला खाली बसवलं आणि तेल घेऊन मालिश सुरू केली. मी घाबरून चांगला पाय पुढे केला होता. तो इतका खूश झाला की म्हणाला, "माउली, काही सूज नाही, एकदम टकाटक!"

परभणीकडच्या एका दिंडीतल्या आजी माझ्या बाजूने चालत होत्या. नऊवारी, पायात स्लिपर, डोक्यावर तुळशीवृंदावन, आणि ते न धरता दोन्ही हात मोकळे.

"काय झालं गं माय पायाला?"

"हाड मोडलं होतं, आजी."

"कुठं?"

मी क्षणभर दम घेतला. "घरात. दाराच्या पट्टीला अडखळून."

"असं व्हय. माझं गोठ्यात. म्हशीनं ढुशी दिली." एवढं म्हणून चार पावलं त्या गप्प चालल्या. मला अतिशय बरं वाटलं. सहानुभूती नाही, सल्ला नाही, मावससासूबाई नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "राड टाकला का?"

"नाही. नुसतं प्लॅस्टर."

"हात्! मग काय नाय." त्यांनी नऊवारीचा काठ जरा वर करून नडगीवर बोटाने टकटक केलं. "ह्यात राड हाय. वरपत्तुर. पाच वारी झाल्या." आणि माझ्याकडे वळून पाहून, त्याच ओळखीच्या कोनातून, झपाझप पुढे निघून गेल्या.

हडपसरला दोन्ही पालख्यांचे रस्ते वेगळे होतात. तुकोबांची सोलापूर रस्त्याने, माउलींची सासवडकडे. गर्दीतून वाट काढत मी गाडीतळाशी एका मंडळाच्या मांडवात टेकले. पाऊल ठणकत होतं, पण आतलं हाड शाबूत वाटत होतं. एका मुलाने कागदी कपात चहा आणून हातात दिला, टीपॉयवर ठेवला नाही. गटावर आमच्या मंडळींचा फोटो आला होता, दिवेघाटाच्या पायथ्याशी, वडकीला. मी माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांचा आणि शेजारच्या केळ्यांच्या ढिगाचा फोटो टाकला. लगेच कुणीतरी विचारलं, 'किती किमी?' मी लिहिलं, 'केळी मोजतेय.'

तेवढ्यात ह्यांचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"गाडीतळाला, मांडवात. तुम्ही कुठे?"

"मगरपट्ट्याच्या अलीकडे. पुढे गाडीच सोडत नाहीयेत, सगळा रस्ता बंद आहे. तुला इकडे मागे यावं लागेल." ते जरा थांबले. "जास्त नाही गं. गूगलवर बघितलं मी. सपाट आहे."

"येते," मी म्हटलं, आणि त्या मुलाला अजून एक चहा मागितला.